झावळ्यांबरोबर जळालेली फाइल

तुमच्या घरात कॅन्सरमधून बरं झालेलं कुणी असेल, तर एक विचारते. त्यांना किरणं शरीरावर नेमकी कुठे दिली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नव्हतं. जिनं मला लिहायला शिकवलं, तिच्याबद्दलसुद्धा नव्हतं.

लुसीमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नालासोपाऱ्याच्या छापखान्यात होते. टँकरवाले विहिरी उपसतात, त्याविरुद्धचं पत्रक छापून होत होतं. फोन छापखान्याच्या मालकांनीच घेतला, आणि मग माझ्याकडे न बघताच त्यांनी मशीन बंद केलं. तिच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, ती चार दिवसांवर होती... सवयीनं मी मावशीसाठी पहिली प्रत बाजूला काढून ठेवली होती. सहा आठवडे झाले, ती अजून माझ्या पिशवीत आहे.

मावशी आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. नंदाखालच्या शाळेत मराठी शिकवायची आणि आमच्याच घरात, केळीच्या वाडीकडे उघडणाऱ्या खोलीत राहायची. आमच्याकडे गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील मोर्च्यांहून गठ्ठेच्या गठ्ठे आणायचे, मी त्यांवरच वाचायला शिकले. चौदाव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा मावशीनं वह्या तपासायच्या लाल पेनानं ते तपासलं. "बारा उद्गारचिन्हं? अगो, वाचणारा बहिरा नाही!" मी चिडून म्हटलं, "तू आत्ता बोललीस त्यातही एक होतं." ती इतकी हसली की चहा सांडला.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९८९ मध्ये, तिच्या मानेत आणि छातीत गाठी निघाल्या होत्या. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची. मुंबईला पाच आठवडे किरणं घेतली आणि बरी झाली. पुढच्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला. आमच्याकडे आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या आशीर्वादित झावळ्या घराघरांतून चर्चमध्ये आणून जाळतात आणि त्याच राखेनं बुधवारी कपाळावर क्रूस काढतात. मावशीनं झावळीबरोबर हॉस्पिटलची जाडजूड फाइलही आणली. बरी झाले तर या दुखण्याचं नाव पुन्हा तोंडी घेणार नाही, असा नवस ती बोलली होती. फाइल पेटली तशी ती मोठ्यानं गायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. बुधवारी ती राख माझ्याही कपाळावर आली.

मग चांगली वर्षं गेली. रविवारी ती चर्चच्या माळ्यावर चढून गायची, संध्याकाळी मला घेऊन शेजारच्या वटार गावापर्यंत चालायची. तिच्या पावलांशी पावलं जुळवताना मला पळावं लागे. पुढे पुढे मीच थांबून तिची वाट पाहू लागले. गाण्याला ती माळ्याऐवजी खालच्या बाकावर बसू लागली. एकदा कळंबची जानकी मासे घेऊन दारात आली, तेव्हा मावशी शाळेतून येऊन ओट्यावर धापा टाकत बसली होती.

"काय गो टीचरबाय, पाटी माज्या डोक्यावर न् दम तुला?"

"तुझ्या पाटीत बोंबील आहेत. माझ्या पिशवीत चाळीस वह्या आहेत, त्यातल्या चुका उचलून बघ."

"पानी पी, पानी. मग चुका सांग."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

गावातल्या डॉक्टरांनी आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मग दम्याचं औषध. "आधी काही मोठं दुखणं?" त्यांनी विचारलं होतं. मावशी म्हणाली, "काही नाही." ती नवस पाळत होती. मी शेजारी बसले होते. गप्प बसले. गावोगाव सत्य सांगत फिरणारी मी!

शेवटी पाय सुजले तेव्हा तिला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवरचे तीन निळे ठिपके पाहिले. घरात ते गोंदण म्हणून खपले होते. "हे किरणं द्यायची जागा आखायला गोंदलेले ना?" त्यांनी विचारलं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, "हो, १९८९ ला किरणं घेतली होती." मग त्यांनी समजावलं, की किरणांनी गाठी मारल्या, पण त्यांच्या वाटेत हृदयही होतं. त्याच्या झडपा आता कडक झाल्या आहेत, त्या ऑपरेशन करून बदलाव्या लागतील. हे दहा, वीस वर्षांनीसुद्धा दिसू शकतं, म्हणून अशा माणसांचं हृदय तक्रार नसतानाही तपासत राहावं लागतं. "डोस किती होता? कागद आहेत?"

"जाळले," मी म्हटलं.

जुन्या हॉस्पिटलात इतकी जुनी नोंद सापडली नाही.

रागानं मी त्या आठवड्यात पत्रक लिहिलं. मथळा होता 'किरणं जीव घेतात'. मावशीनं उशीला टेकून लाल पेन उघडलं आणि मथळ्यावर आडवी रेघ मारली.

"जीव घेतात? मग ही सतरा वर्षं मला कुणी दिली, तुझ्या बापानं?"

"पण मावशी—"

"फाइलीचं लिही. देवानं ती मागितली नव्हती गो. मीच दिली." मग समासात काहीतरी लिहून तिनं पेन मिटलं. "तुला ओरडायला येतं. सांगायला अजून येत नाही."

आता संध्याकाळी मी तिच्या खोलीत बसते. वटारला जायची वेळ झाली की अजून चपला घालते आणि उंबऱ्याशी थांबते. टेबलावर ते पत्रक आहे, खोडलेल्या मथळ्यासकट. खाली समासात तिच्या गोल अक्षरात लाल ओळ आहे : 'वाचणाऱ्यानं काय करायचं, ते स्पष्ट लिही.'

तर स्पष्ट लिहिते. तुमच्या माणसाला किरणं दिली असतील, तर त्यांचे कागद आज शोधा. सापडले नाहीत तर हॉस्पिटलात मागा. तिथेही नसतील, तर त्या माणसाजवळ बसा आणि आठवेल तेवढं एका कागदावर उतरवून घ्या : कोणता भाग, कोणतं वर्ष, किती आठवडे. आणि यापुढे दुखणं कोणतंही असो, डॉक्टरांसमोर तो कागद आधी ठेवा.