वाहता नळ

सांगलीच्या दोन खोल्यांत माणसं मावत नसत. सुलभाला रडायचं झालं तर मोरीत जाऊन नळ सोडावा लागे. म्हणून अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं घर पाहिल्यावर तिला वाटलं, सुटले बाई! इथे कुणाचं काही कुणाला ऐकू जायचं नाही.

दर महिन्याला ती आईसाठी कॅसेट भरायची. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका दुपारी बोलता बोलता तिला दूध संपल्याचं आठवलं. टेप चालूच राहिला, आणि सवयीने रिकाम्या घराला "येते हं" म्हणून ती निघाली.

परत येऊन तिने कॅसेट लावली. तिचं "येते हं", दार, मग नुसती फ्रिजची घरघर. तिच्यामागे घराचं काही म्हणजे काही अडलं नव्हतं. ती बंद करणार, तेवढ्यात टेपमध्ये कुलपात किल्ली फिरली. खोकला माधवचा होता. या वेळी नवरा शिकागोला ऑफिसात असायला हवा! बाथरूमचा नळ सुटला आणि वाहतच राहिला. नळाआडचं काही ऐकू येत नव्हतं. यायची गरजही नव्हती. नळ कशाला सोडतात ते सुलभाला कुणी सांगायला नको होतं. मग दार पुन्हा लागलं.

संध्याकाळी तो नेहमीच्याच ट्रेनने आला. बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाला, "आज मरणाचं काम होतं. आईंची कॅसेट झाली?"

"बिघडली," ती म्हणाली. "पुसून पुन्हा भरते."

तेव्हापासून बाहेरून आली की ती आपल्याच घराची बेल वाजवायची, जरा थांबायची, आणि मगच किल्ली लावायची.