पेटलेल्या चुलीचं चित्र

जळगाव-धुळे एसटीत शेजारच्या बाई बियाण्यांच्या पाकिटांवरची, जुन्या कॅलेंडरांवरची चित्रं कापत होत्या. खड्डा आला की कात्री थांबवायच्या. लिहिणं न जमणाऱ्या मुलांना त्या अशी चित्रं दाखवून लिहितं करत.

मीही शिक्षक आहे म्हटल्यावर त्यांनी एका मुलीची वही उघडली. वर पेटलेल्या चुलीचं चित्र, खाली अहिराणीत वर्षभरातली तिची पहिली ओळ: ‘चूल शे. माय नही.’

अक्षरं वेडीवाकडी, काही उलटी. मी सवयीनं म्हणालो, “चुका बऱ्याच आहेत.”

“चुका मलाही दिसल्या, सर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण तुम्ही वाचलंत का?”

मी पुन्हा वाचलं. चूल आहे. आई नाही.

माझ्या वर्गातल्या ज्या वह्यांवर मी लाल शाईनं ‘अपूर्ण’ लिहिलं होतं, त्या मला धुळ्यापर्यंत आठवत राहिल्या.