सफरचंदाच्या साली

कॅसलरॉकच्या रेल्वे बंगल्यात वासू स्वयंपाकी होता. मुंबईहून गाडीनं सफरचंदं आली की तो तिथल्या गोऱ्या साहेबाच्या मडमेसाठी त्यांची भजी तळून साखरेच्या पाकात घोळवायचा. साली तेवढ्या पंच्यात बांधून घरी न्यायचा. त्याची बायको केशर त्या साली तांदळाच्या पिठात बुडवून तळायची, वर काकवी ओतायची.

"आवो, आतला गर कसा लागतोय?" ती दर खेपेला विचारायची.

"आणीन की येकदा," तो म्हणायचा.

केशर तापानं गेली. वर्षभरानं मडम विलायतेला निघाली, तेव्हा वासूला टोपलीभर सफरचंदं देऊन गेली. त्यानं ती घरी सोलली. गर शेजारपाजारी वाटून टाकला, स्वतः जीभही लावली नाही. मग साली तळल्या आणि काकवी जरा सढळ हातानं ओतली. केशरला तशीच लागायची.