पेंढ्यावरची गाडी

माझा आत्येभाऊ ठाण्याला राहतो. पैसा भरपूर, हौस त्याहून जास्त. गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी तो नवीकोरी स्पोर्ट्स कार घेऊन उत्तनला आमच्या घरी आला. मामाला पहिली दाखवायची म्हणून! घोडबंदर रोड रिकामा मिळाला, वरसाव्यापर्यंत काय दामटलीय विचारू नका, असं उतरल्या उतरल्या सांगत होता. आम्ही नुकतेच चर्चमध्ये रविवारची मिसा आटपून घरी आलो होतो.

गाडी इतकी बुटकी, की आमच्या अंगणातल्या दगडगोट्यांवर पोट घासणार हे दिसतच होतं. तो म्हणाला, राहू दे रस्त्यावर. पण पप्पांना ते कसं चालेल? भाचा एवढ्या प्रेमाने आला आणि त्याची गाडी बाहेर? होडी किनाऱ्यावर ओढताना खाली काहीतरी मऊ घालायचं, ही त्यांची जन्माची सवय. माळ्यावरचा भाताचा पेंढा काढून त्यांनी खड्डे भरले आणि वर जाडसर थर पसरला.

"पप्पा, उगाच कशाला?" मी म्हटलं.

"तू गप बस. नवी गाडी हाय त्याची."

झालं. गाडी अंगणातल्या जाळ्यांच्या मांडवाला वळसा घालून अंगणाच्या टोकाला, पेंढ्यावर उभी राहिली.

त्या मांडवात डोलीचं, म्हणजे लांब पिशवीसारखं, नवं जाळं टांगलेलं होतं. पप्पा आता समुद्रात जात नाहीत, होडी माझा भाऊ चालवतो. पण जाळं त्यांनीच विणलेलं, दोन पावसाळे बसून. त्यांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. शेवटी शेवटी ते बोटांनी चाचपूनच गाठी मारत होते. हे शेवटचं जाळं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की ऑगस्टात भाऊ ते पाण्यात सोडणार होता.

"वाजव बघू एकदा," पप्पा भाच्याला म्हणाले.

त्याने कुठलंसं बटण दाबून रेस दिली. अगं बाई, काय तो आवाज! शेजारची कोंबडी थेट छपरावर. पप्पा खदखदून हसले. म्हणाले, अजून! त्यानेही अजून दिली.

मग आत सरबत घेता घेता त्याचं सायलेन्सरपुराण सुरू झालं. त्याने कंपनीचाच स्पोर्ट्स एक्झॉस्ट घेतला होता, बटण दाबलं की आतल्या झडपा उघडतात. काही मित्रांनी तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच, म्हणजे धूर साफ करणारा डबाच, काढून टाकलेला. मग नुसता सरळ पाइप, आवाज आणखी मोकळा. पण ते बेकायदा.

"मी नाही काढला हं, मामा. पीयूसीची कटकट कोणाला हवीय? फक्त तापतो फार. कधीकधी लालबुंद होतो."

तापतो म्हणाला तो. स्वतःच्या तोंडाने म्हणाला! आणि आम्ही तिघं सरबत पीत बसलो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आधी वास आला. धावत बाहेर आलो तर गाडीखालचा पेंढा पेटलेला.

"जाळं! आधी जाळं काढा!" मी ओरडले. पण ते जाळं उतरवायला चार गडी लागतात. भाऊ होडीवर गेलेला. नळाला पाणी नव्हतं, ड्रममध्ये होतं तेवढंच.

"गाडी!" पप्पा ओरडले. "पयली गाडी काढ रे!"

भाच्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. तिच्या पोटाला जळता पेंढा अडकला होता. गाडी मांडवाला घासून मागे गेली आणि आगही तिच्याबरोबर जाऊन जाळ्याला लागली. नायलॉनच ते. वितळून ठिबकायला लागलं. मी दोन बादल्या फेकल्या. तिसऱ्यांदा ड्रममध्ये बादली घातली तर तळ खरवडला. रिकामी बादली घेऊन मी नुसती उभी राहिले. काय करणार होते? जवळसुद्धा जाता येत नव्हतं.

शेजारी आले तोवर जाळ्याचा काळा गोळा झाला होता. आत्येभाऊ पप्पांचे हात धरून लहान मुलासारखा रडत होता.

"गाडीला काय झालं न्हाय ना?" पप्पांनी विचारलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण बोलणार कोणाला? त्याला बोलावं, तर पेंढा पप्पांनी घातलेला. पप्पांना बोलावं, तर कोणत्या तोंडाने? मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली, दुसरं काय!

काही दिवसांनी त्याचा फोन आला. पप्पांनी स्पीकरवर घेतला.

"मामा, झोप लागत नाही हो मला. खरं सांगा, ते जाळं नवं होतं ना?"

पप्पांनी फोन तोंडाजवळ धरला.

"न्हाय रे बाला," ते म्हणाले. "जुनं व्हतं. फाटलेलं. टाकूनच द्यायचं व्हतं मला."

तिकडून त्याने मोठा सुस्कारा सोडला. पप्पा हसले, सांभाळून चालव म्हणाले. मग फोन माझ्यापुढे धरला.

"घे गं, बंद कर. कुठं दाबायचं ते दिसत न्हाय मला."