चमचा न पडलेली रेकॉर्ड

इंग्लंडात आल्यापासून मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी खाली पडलेल्या एका चमच्यावर अजून रागावलेला माणूस एकच, मेडनहेडमधले आमचे रेकॉर्डवाले काका. काका मूळचे पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर, आणि काकू गेल्यापासून एकटे. त्यांचं दैवत म्हणजे जुन्या काळी संगीत नाटकांत आणि हॉटेलांतल्या कॅबरेत गाणारी एक इंग्रज गायिका. काका तिला नुसतं 'बाई' म्हणतात, तेही अहोजाहो करून. एका हॉटेलातल्या कार्यक्रमाची रेकॉर्ड आहे. तिच्यात बाई हलकेच सगळ्यात वरच्या सुराला पोचतात आणि नेमका कुणाचा तरी चमचा खणकन पडतो. "जेवायचं तर घरी जेवा ना," काका दर वेळी त्या अज्ञात इसमाला सुनावतात.

रेकॉर्ड लावण्याआधी काका साबणाने हात धुतात आणि पाहुण्यालाही धुवायला लावतात. एकदा माझ्या तोंडात चिवडा होता आणि वरचा सूर जवळ आला. काकांनी बोट वर केलं. मी तो घास चावता येईना, गिळता येईना अशा अवस्थेत अख्खं कडवं काढलं. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी दोन्ही बाजू ऐकवल्या. तो "लव्हली" म्हणून पुढच्या कामाला पळाला आणि बॉयलर तसाच राहिला. काका दोन स्वेटर चढवून म्हणाले, "पण माणूस दर्दी होता हं."

बाईंची एकच रेकॉर्ड त्यांच्याकडे नव्हती, पहिल्या नाटकाची. तिच्यासाठी दर शनिवारी हाय स्ट्रीटवरची, लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकणारी सगळी चॅरिटी शॉप्स पालथी घालायची आणि मी सोबत असायचं, हा आमचा नेम. काउंटरवरच्या आजीबाई विचारायच्या, "एनी लक, डार्लिंग?" काका म्हणायचे, "नॉट टुडे." मग हवा, गुडघे, नातवंडं अशा गप्पा रंगायच्या.

मी अतिशहाणी. ती रेकॉर्ड ऑनलाइन शोधली आणि काकांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हातात ठेवली. काकांनी ती बराच वेळ उलटसुलट पाहिली. "मिळाली म्हणजे," एवढंच म्हणाले.

पुढच्या शनिवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मी घरी गेले, तर बूट घालून खिडकीशी बसलेले. "चला ना काका," मी म्हटलं.

"अगं, दुकानात जाऊन आता विचारू काय?"

आठवडाभरात या माणसाशी कोणी बोलत असेल तर त्या दुकानांतच, आणि ते मी माझ्या हाताने बंद केलं होतं. मला फार वाईट वाटलं. मग सुचेल ते बोलले. "काका, हॉटेलातला तो कार्यक्रम दुसऱ्या रात्रीही झाला असेल ना? त्याचीही रेकॉर्ड निघाली असेल. चमचा न पडलेली."

बाईंच्या रेकॉर्डची यादी ज्यांना तोंडपाठ, ते काका माझ्याकडे बघत राहिले. मग उठून कोट घातला. "असेल बुवा. तू म्हणतेस तर असेल."

तेव्हापासून आम्ही ती शोधतोय. अशी रेकॉर्ड नाही हे काकांना पक्कं ठाऊक आहे. आम्ही तो विषय काढत नाही. खरं सांगायचं तर शनिवारी माझ्याशीही दुसरं कोणी बोलत नाही. आत्ताच काकांचा मेसेज आला: 'उद्या पाऊस आहे. छत्री घेऊन ये.'