आहे तशी आणा

कराडहून सकाळी सहाला निघालो तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबून आमच्या गाडीकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. गडद निळा, ताजा, चकाकणारा रंग. तेहेतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने दिलेला. गाडी विकायला नवी मुंबईपर्यंत जायचं होतं, पण गिऱ्हाईक पाहताक्षणी खूश होणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गाडी साधी नव्हती. अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही तिला घरगाडीच म्हणायचो. धरणाच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना ती मला विकून गेला. आत रात्री पलंग होणारी दोन बाकं, एक स्टोव्ह, परातीएवढं बेसिन आणि खिडक्यांना शालिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, शिवलेले पडदे. उन्हाळ्याच्या सुट्टीत या गाडीतून आम्ही अख्खं कोकण पालथं घातलं. आता तळाचा पत्रा गंजला होता, छत गळत होतं आणि इंजिन धूर ओकत होतं. तिला पुन्हा उभी करणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

त्यात रस्ता रुंदीकरणात तिची शेड जाणार होती. दुसरी जागा नव्हती, म्हणून भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगून ठेवलं होतं. आम्ही निघालो शुक्रवारी. शनिवारी नेरूळला विकली गेली तर गाडी वाचणार, नाहीतर गॅसकटरखाली जाणार.

गिऱ्हाईक मिळालं होतं ते पेपरातल्या छोट्या जाहिरातीवरून. कांबळे नावाचा माणूस, न्हावा शेवा बंदरात मालाची कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या एका कचेरीत नोकरीला. त्याने फोटो मागवला, मी एक जुना पाठवला. उलट टपाली उत्तर आलं: 'गाडी आहे तशी आणा, काही करू नका.'

आता 'काही करू नका' याचा अर्थ आमच्याकडे काय होतो, हे वाचकांना सांगायला नको. पाहुणा दारातून 'काही करू नका हं' म्हणतो तेव्हा आपण रवा भाजायला घेतलेलाच असतो. शिवाय आमच्या भागात बैलसुद्धा बाजारात नेताना धुतात, शिंगं रंगवतात. बुधवारी शालिनी साताऱ्याला बहिणीकडे गेलेली पाहून मी रंगाचा डबा फोडला आणि घासकागद वगैरे मारत न बसता दोन जाड हात दिले. जुना फिकट शेवाळी रंग झाकला. डाव्या दारावरची शालिनीची यादीही झाकली. मुक्काम केला त्या प्रत्येक गावाचं नाव ती लाल रंगाने तिथे लिहायची, वेड्यावाकड्या अक्षरात, आणि मला कधी हात लावू द्यायची नाही. गुरुवारी संध्याकाळी ती परतली, दाराकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता घरात गेली. मला वाटलं, गाडी जाणार म्हणून वाईट वाटत असेल.

खंबाटकीच्या घाटात इंजिन तापलं. एका ट्रकवाल्याने पाण्याचा डबा दिला आणि विचारलं, "काका, रंगाचा खर्च इंजिनावर का नाही केला?" मी हसून वेळ मारून नेली. एरवी अशा वेळी शालिनीने त्याच्या गावाची, पोराबाळांची चौकशी केली असती. या खेपेला ती दगडावर पाठमोरी बसून होती.

द्रुतगती मार्ग तेव्हा झाला नव्हता. जुन्या रस्त्याने रखडत खंडाळा उतरलो आणि खोपोलीला एका पेट्रोल पंपाच्या आवारात गाडीतच मुक्काम केला. शालिनीने स्टोव्हवर पिठलं केलं, वाढलं, भांडी घासली. "शेवटचा मुक्काम," मी म्हटलं. ती झोपली असावी असं मी धरून चाललो.

सकाळी पनवेल मागे पडलं आणि हवेला खाऱ्या चिखलाचा वास येऊ लागला. दोन्ही बाजूंना खाजण (भरतीचं पाणी शिरणारी दलदल) आणि मधूनच कोऱ्या इमारतींचे जथे. नेरूळ स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून फोन केला आणि दहा मिनिटांत कांबळे स्कूटरवर आला. पस्तिशीचा, चुणचुणीत. सोसायटीत जुनी गाडी लावू देत नाहीत, म्हणून ती सारसोळ्याला एका दोस्ताकडे ठेवणार होता. हे सगळं तो माझ्याकडे बघून बोलत होता. मग त्याची नजर गाडीवर गेली आणि बोलणं थांबलं.

सारसोळे म्हणजे नेरूळच्या कुशीतलं कोळ्यांचं जुनं गाव. खाडीच्या काठी, दुरुस्तीला ओढलेल्या होड्यांच्या रांगेत आमची गाडी उभी केली. कांबळेने तिला दोन फेऱ्या मारल्या, वाकून गंजलेला तळ पाहिला. त्याची त्याला काही तक्रार नव्हती. डाव्या दारापाशी मात्र तो उभाच राहिला.

"सर, राग मानू नका," तो म्हणाला. "बंदरात मी रोज हजार बंद पेट्या बघतो. सगळ्या कुठं कुठं जातात, मी तिथंच. तुमच्या फोटोत या दारावर गावं लिहिलेली दिसली, तेव्हा ठरवलं, हीच घ्यायची. मला ती गाडी पाहिजे होती."

मी नव्या रंगाचे गुण सांगायला तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला.

"मलाही तीच पाहिजे होती," शालिनी म्हणाली.

दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे लख्ख उजेड पडला. स्वतःच्या हुशारीची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

ज्याच्याकडे गाडी ठेवायची होती तो नामदेवभाऊ शेजारीच होडीचा तळ खरवडत होता. तो आला, दाराच्या कडेला नख लावलं आणि नखाबरोबर निळी साल निघाली.

"आतून कच्चा हाय," तो म्हणाला. "खालचा घासला नाय, म्हनून धरलाच नाय. आज निघंल. उद्या ऊन खाल्लं का मंग नाय निघायचा."

त्याने रॉकेल आणि जुन्या लुगड्यांच्या चिंध्या आणल्या. होडीच्या रंगाबाबतीत या लोकांना शिकवायची माझी हिंमत नव्हती. मी मुकाट्याने गाडीच्या छताखालची बाजू पुसायला लागलो. कांबळेने बाह्या दुमडल्या. डावं दार शालिनीने कोणाला दिलं नाही. ती चिंधी गोल गोल फिरवत होती आणि निळ्यातून एकेक नाव वर येत होतं: हर्णै, वेळास, पावस, मालवण. पावसच्या मुक्कामात आमची लेक तापाने फणफणली होती, हे ती कांबळेला सांगत होती. वेळासच्या वेळचं सांगताना ती हसली. मला फार बरं वाटलं.

दुपारी नामदेवभाऊच्या घरी तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं (खाडीतला चवदार मासा) कालवण जेवलो. हातांचा रॉकेलचा वास जेवणातही जाईना. उन्हं कलली तेव्हा गाडी पुन्हा फिकट, डागाळलेली, जशी होती तशी झाली. कानाकोपऱ्यांत माझा निळा राहिला, तो कांबळेने राहू द्या म्हटलं. किल्ली आणि कागदपत्रं त्याच्या हातात दिली.

"एक मिनिट," शालिनी म्हणाली. तिने सीटखालून लाल रंगाची डबी आणि बारीक ब्रश काढला. मी खडूने आखून देऊ का म्हणून विचारलं.

"तुम्ही रंगवलंत तेवढं पुरे," ती म्हणाली आणि यादीच्या शेवटी आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं: सारसोळे.

परतीला एसटी होती. मी खिडकीची जागा तिला दिली. भंगारवाल्याला आता नको म्हणून कळवायचं होतं. पंचवीस वर्षं गाडी चालवली मी, पण प्रवास जपून ठेवले ते तिने, हे मला एसटीच्या बाकावर बसून कळत होतं. तसं तिला सांगितलंही. घाट लागला तसं मला एकदम आठवलं.

"अगं, तुझी लाल डबी?"

"गाडीतच ठेवली," ती म्हणाली. "त्यांना लागेल."