जुना भुसा

नातीने पाळायला जर्बिलांची जोडी आणली आहे. केसाळ शेपटीचे उंदीरच ते. काचेच्या पेटीतून दोघे माझ्याकडे संशयाने बघतात आणि मी त्यांच्याकडे. काल मी पेटीतला सगळा भुसा बदलला, काच लख्ख पुसली. तेव्हापासून कोपऱ्यातली वाळूची वाटी सोडून ते वाटेल तिथे घाण करतात. मला वाटलं, मुद्दामच.

“थोडा जुना भुसा ठेवायचा असतो, आजी,” नात म्हणाली. “स्वतःचा वास गेला की त्यांना घर परकं वाटतं.”

नव्या भुशात नाक खुपसून दोघे काहीतरी शोधत होते.

मुलाकडे राहायला येऊन मला महिना झाला. सून रोज गोड आवाजात माझी गोधडी धुवायला मागते, आणि मी ती कपाटात कुलपात ठेवते.

“हे तुझ्या आईलाही सांग,” मी म्हटलं.